पहिला डीएसएलआर: बॉडी शेवटी ठरवा

पहिला डीएसएलआर घ्यायला निघालेले बहुतेक जण बॉडीपासून, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यापासून, सुरुवात करतात. मेगापिक्सेल किती, स्क्रीन वळते का, कोणती कंपनी चांगली, यातच दोन-तीन महिने जातात आणि जमवलेली जवळजवळ सगळी रक्कम बॉडी आणि तिच्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या खोक्यात संपते. मग कार्ड हलकं, बॅटरी एकच, ट्रायपॉड डुगडुगणारा, आणि घरात काढलेले निम्मे फोटो हललेले. यात कॅमेऱ्याचा दोष नसतो, खर्चाचा क्रम चुकलेला असतो. हिशेब उलट्या बाजूने करा. आधी एकूण रक्कम कागदावर लिहा, तिच्यातून अटळ वस्तूंचे पैसे बाजूला काढा, मग लेन्स ठरवा आणि उरलेल्या पैशांत बसेल ती बॉडी घ्या.

आज डीएसएलआर घ्यावा का, हे आधी

कॅनन आणि निकॉन दोघांच्याही शेवटच्या नव्या डीएसएलआर बॉडी २०२० साली आल्या. त्यानंतर त्यांचं सगळं नवं काम मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, चाललं आहे. सोनीने आपली आरशाच्या कॅमेऱ्यांची ए-माउंट मालिका २०२१ मध्ये बंद केली. पेंटॅक्सने मात्र २०२१ मध्येही के-३ मार्क थ्री ही नवी बॉडी आणली. म्हणजे कॅनन आणि निकॉनच्या डीएसएलआर माउंटसाठी (लेन्स बॉडीला जोडते त्या रिंगेसाठी) नव्या लेन्स येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पण कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा आणि निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, त्यामुळे आधीच तयार झालेल्या लेन्सचा साठा प्रचंड आहे आणि वापरलेला माल चांगल्या अवस्थेत, कमी पैशांत मिळतो. कमी बजेटमध्ये फोटोग्राफी शिकायची असेल तर डीएसएलआर आजही सर्वांत जास्त मोबदला देतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. आरशातून दिसणारं खरं दृश्य आणि दिवसभर पुरणारी बॅटरी हे त्याचे दोन मोठे गुण.

मुख्य काम व्हिडिओचं असेल तर मात्र डीएसएलआर घेऊ नका. व्हिडिओसाठी आरसा वर करून लाइव्ह व्ह्यूमध्येच, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, काम करावं लागतं, आणि निकॉनच्या स्वस्त बॉडींचा लाइव्ह व्ह्यूमधला फोकस संथ असतो, पुढे-मागे शोधत राहतो. कॅननच्या ७०डी (२०१३) पासून आलेल्या ड्युअल पिक्सेल बॉडी, म्हणजे सेन्सरवरच फोकस करणाऱ्या, या बाबतीत खूप बऱ्या. पण तो फोकस कॅननच्या प्रत्येक बॉडीत नाही; २०००डी मध्ये तो नाही.

शंभर भागांचा हिशेब

एकूण रक्कम १०० धरा. कार्ड, जास्तीची बॅटरी, बॅग, सफाईचं सामान आणि बॅकअपची हार्ड डिस्क यांना १५ ते २० भाग लागतात. हे पैसे आधी बाजूला काढायचे, कारण नंतर ते उरत नाहीत. लेन्सना ३५ ते ४० भाग, बॉडीला ३० ते ३५. उरलेले १० भाग पहिले तीन महिने खर्चच करायचे नाहीत. ट्रायपॉड हवा, फ्लॅश हवा की लांब पल्ल्याची लेन्स, हे तीन महिने फोटो काढल्यावर आपोआप कळतं. आधीच घेतलेल्या या तीनपैकी एक तरी वस्तू कपाटात पडून राहते.

नवी कोरी बॉडी आणि किट लेन्स असा संच घ्यायचा झाला तर त्यालाच ६० भाग लागू शकतात. तेव्हा अटळ वस्तूंना हात न लावता दुसऱ्या लेन्समध्ये काटछाट करावी लागते. म्हणून नव्या प्राथमिक बॉडीपेक्षा वापरलेली मधल्या श्रेणीची बॉडी हा सौदा फायद्याचा ठरतो. निकॉन डी७२०० (२०१५) मध्ये ५१ फोकस बिंदू, दोन कार्डांची सोय आणि बॉडीतच फोकसची मोटर आहे. त्यानंतर आलेल्या प्राथमिक डी३५०० मध्ये फोकस बिंदू ११, कार्ड एक, मोटर नाही. कॅनन ८०डी (२०१६) मध्ये ४५ बिंदू आहेत, २०००डी मध्ये ९. दोन डायल हा दिसायला किरकोळ वाटणारा फरक हातात फार जाणवतो. एकाने शटर, दुसऱ्याने लेन्समधल्या छिद्राचं माप म्हणजे अ‍ॅपर्चर थेट बदलता येतं. एकच डायल असलेल्या बॉडीत दर वेळी बटण दाबून धरावं लागतं, आणि त्या कटकटीने लोक मॅन्युअल मोड सोडून देतात.

बॉडीत काय पाहायचं

मेगापिक्सेलचा प्रश्न लवकर मिटवू. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो आणि ३०० डीपीआयने छापला तर सुमारे ५१ × ३४ सेंटिमीटरचा होतो. एवढा मोठा प्रिंट पहिल्या वर्षात क्वचितच कोणी काढतो. १८ आणि २४ मधल्या फरकासाठी जास्त पैसे मोजू नका.

सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान आकाराचा, घ्या. फुल फ्रेमची बॉडी वापरलेली स्वस्त दिसली तरी तिच्या लेन्स जड आणि महाग असतात, आणि हिशेब तिथे कोलमडतो. पुढे फुल फ्रेमवर जायचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: कॅननच्या ईएफ-एस लेन्स त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. निकॉनच्या डीएक्स लेन्स बसतात, पण कॅमेरा फक्त मधला भाग वापरतो. २४ मेगापिक्सेलचे साधारण साडेदहा उरतात.

आता फसगतीच्या जागा, कारण या कोणत्याही जाहिरातीत ठळक लिहिलेल्या नसतात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींत फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर फक्त एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्स आपोआप फोकस करतात. स्वस्तात मिळालेली जुनी एएफ-डी ५० मिमी लावली तर फोकस हाताने फिरवावा लागतो. उलट दिशेनेही अडचण आहे. नव्या एएफ-पी लेन्स डी७०००, डी५१००, डी३१०० यांसारख्या जुन्या बॉडींवर फोकस करत नाहीत, हातानेसुद्धा नाही, कारण त्यांची फोकसची रिंगही विजेवरच चालते. कॅननच्या बाजूला ४०००डी (काही देशांत ३०००डी) चा लेन्स माउंट प्लास्टिकचा आहे. वारंवार लेन्स बदलणाऱ्याने तो टाळावा. तसंच २०००डी (काही देशांत १५००डी), ४०००डी आणि २५०डी (म्हणजेच २००डी मार्क टू) यांच्या हॉट शूमधली (वरची फ्लॅश बसवायची चौकट) मधली पिन काढून टाकलेली आहे. त्या एका पिनेअभावी दुसऱ्या कंपन्यांचे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि स्वस्त ट्रिगर या बॉडींवर उडत नाहीत. पुढे फ्लॅश शिकायचा असेल तर दुकानात हॉट शूवरचं झाकण सरकवून डोळ्यांनी बघा: चौकटीच्या बरोबर मध्यभागी गोल धातूचा ठिपका दिसला पाहिजे.

डी३५०० ला बाहेरच्या माइकची खोबण नाही आणि वायरच्या रिमोटचीही नाही. ज्याला याची गरज नाही त्याच्यासाठी ती हलकी आणि उत्तम बॉडी आहे.

वापरलेली बॉडी तपासताना

स्वतःचं कार्ड, चार्ज केलेली बॅटरी आणि छोटी टॉर्च घेऊन जा. घाई करणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. नीट तपासायला अर्धा तास लागतो.

आधी लेन्स काढून माउंटची धातूची रिंग बघा. लेन्स लावून हलकेच वळवा. थोडा खेळ चालतो, पण कडकड आवाज येत असेल तर स्क्रू सैल आहेत किंवा कॅमेरा पडलेला आहे. तळाच्या ट्रायपॉडच्या भोकाजवळ आणि कोपऱ्यांवर चेपलेलं आहे का बघा, पडलेला कॅमेरा तिथे खूण ठेवतो. कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून पिना सरळ आहेत का बघा, बॅटरीच्या कप्प्यात हिरवट बुरशीसारखा थर आहे का तेही.

शटर किती वेळा उडालं आहे हे कळणं महत्त्वाचं. निकॉनमध्ये कॅमेऱ्यातून थेट घेतलेल्या फाइलच्या एक्झिफ माहितीत (फोटोसोबत आपोआप नोंदली जाणारी माहिती) हा आकडा असतो. कॅननच्या बहुतेक बॉडी तो फाइलमध्ये लिहीत नाहीत. केबल लावून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. प्राथमिक आणि मधल्या श्रेणीतलं शटर साधारण १ ते १.५ लाख वेळांसाठी बनवलेलं असतं. ३० हजारांपर्यंत उडालेली बॉडी निश्चिंतपणे घ्या, ८० हजारांच्या पुढची घेताना किंमत तशी पाडून मागा.

सेन्सरसाठी दोन फोटो पुरतात. पहिला एफ/१६ किंवा एफ/२२ वर (छिद्र बारीक करून), फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा. त्यात धुळीचे करडे ठिपके दिसतील. ते सफाईने जातात, घाबरू नका. पण कडा ठळक असलेले गोल डाग एकाच बाजूला पुंजक्याने असतील तर शटरमधून तेल उडत असण्याची शक्यता असते आणि ते परत परत येतं. दुसरा फोटो लेन्सचं झाकण लावून, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० वर, काही सेकंदांच्या एक्स्पोजरचा. काळ्या फोटोत लाल-निळे चमकते ठिपके दोन-चार असणं नेहमीचं आहे. डझनावारी असतील तर बॉडी सोडून द्या.

वापरलेल्या लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून पाहा. धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, कारण साफ केली तरी काचेच्या कोटिंगवर तिचे ओरखडे राहतात.

लेन्स: खरा खर्च इथे करा

१८-५५ मिमी किट लेन्स उगाच बदनाम आहे. बाहेर उजेडात, एफ/८ वर ती शिकण्यासाठी पुरेशी चांगली आहे. फक्त खोक्यावर निकॉनमध्ये ‘व्हीआर’ आणि कॅननमध्ये ‘आयएस’ ही अक्षरं (हाताचा हादरा सावरणाऱ्या स्थिरीकरणाची खूण) आहेत ना, एवढं बघा. स्थिरीकरण नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या आवृत्त्या स्वस्त संचांत घातल्या जातात. निकॉनच्या एएफ-पी ७०-३०० मध्ये तर हा फरक फारच महागात पडतो: ३०० मिमीवर स्थिरीकरणाशिवाय हातात धरून काढायचं तर १/४५० सेकंदाच्या आसपास शटर लागतं, तेवढा उजेड संध्याकाळी नसतो.

किट लेन्स अडते ती घरात. ५५ मिमीवर तिचं अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. जिथे किट लेन्सला १/६० सेकंदासाठी आयएसओ ६४०० लागतो, तिथे एफ/१.८ ला आयएसओ ६४० पुरतो, आणि या दोन फोटोंतल्या दाण्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आयएसओ ६४०० कायम ठेवला तर तीच लेन्स १/५०० च्या वर शटर देते, म्हणजे धावणारं मूलही गोठतं. स्थिरीकरण तुमचा हात सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. ती थांबवायला उजेडच लागतो. म्हणून दुसरी लेन्स लांब पल्ल्याची न घेता एफ/१.८ ची घ्या.

३५ की ५०? एपीएस-सीवर ५० मिमी ही फुल फ्रेमच्या ७५ ते ८० मिमीसारखी दिसते. चेहऱ्यांसाठी सुंदर, पण लहान खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी चार माणसं चौकटीत बसत नाहीत. किट लेन्स आठवडाभर ३५ वर चिकटपट्टीने पक्की करा, पुढचा आठवडा ५० वर. कोणत्या आठवड्यात जीव घुसमटला ते आठवून निर्णय घ्या. निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स आणि कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम या दोन्ही आपापल्या माउंटमधल्या सर्वांत किफायतशीर लेन्स आहेत.

अटळ वस्तू

कार्ड १२८ जीबीचं एक घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन घ्या. एक बिघडलं तर सगळं जात नाही. २४ मेगापिक्सेलची रॉ (सेन्सरची जशीच्या तशी माहिती असलेली) फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते, त्यामुळे एका कार्डावर दोनेक हजार फोटो मावतात. कार्डावर व्ही३० ही खूण बघा, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. या बॉडींच्या खाचेत पिनांची एकच ओळ असते, त्यामुळे पिनांच्या दोन ओळी असलेल्या महाग यूएचएस-टू कार्डाचा वेग त्यांना वापरताच येत नाही. नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. वरून ६४ लिहिलेलं, आत ८ असलेलं कार्ड पहिल्या आठ जीबीपर्यंत बिनबोभाट चालतं आणि पुढचे फोटो गिळतं. म्हणून नवं कार्ड आधी संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

जास्तीच्या बॅटरीची निकड बॉडीवर ठरते. डी३५०० एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीनुसार १५५० फोटो देतो, २०००डी ५००. पहिल्याला दुसरी बॅटरी सहा महिन्यांनी घेतली तरी चालेल, दुसऱ्याला त्याच दिवशी. इतर कंपन्यांच्या बॅटऱ्या वापरायच्या तर अधूनमधून त्यांची जाडी बघत राहा. फुगलेली बॅटरी कप्प्यात अडकते आणि ओढून काढताना दार तुटतं.

सफाईला रबरी ब्लोअर, मायक्रोफायबरची दोन फडकी आणि लेन्स पेन एवढं पुरे. दाबाच्या हवेचा डबा सेन्सरवर मारू नका, त्यातलं द्रव बाहेर पडून काचेवर डाग बसतो. दमट हवेत घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असू द्या. कॅमेरा महिनोन्‌महिने बॅगेत ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

यूव्ही फिल्टर दुकानदार हमखास पुढे करतो. स्वस्त फिल्टरने दिव्यांचे भुताटकी ठिपके फोटोत येतात आणि धक्क्यापासूनचं संरक्षण हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी कड) जास्त चांगलं करतो. त्या पैशांचा हूड घ्या. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घ्याल तेव्हा सर्क्युलरच घ्या, कारण डीएसएलआरचा अर्धपारदर्शक आरसा लिनियर पोलरायझरमुळे फोकस आणि एक्स्पोजर चुकवू शकतो.

सॉफ्टवेअरवर पहिल्या वर्षी खर्च नको. कॅननचं डीपीपी, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, शिवाय डार्कटेबल आणि रॉथेरपी, सगळी मोफत आहेत.

राखून ठेवलेले १० भाग

फोटो संध्याकाळचे, पाण्याचे, ताऱ्यांचे काढत असाल तर ट्रायपॉड. कॅमेरा आणि सर्वांत जड लेन्स यांच्या वजनाच्या किमान दुप्पट भार झेलणारा घ्या, आणि मधला दांडा न उचलता छातीपर्यंत यावा. दुकानात पाय पूर्ण उघडून कॅमेरा लावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र दहापट मोठं करा आणि लेन्सच्या टोकाला बोटाने टिचकी मारा. चित्र एका सेकंदात शांत झालं तर ट्रायपॉड घेण्यासारखा. तीन-चार सेकंद थरथरत राहिलं तर तो घेऊन उपयोग नाही. घरी वापरताना लेन्सचं स्थिरीकरण बंद ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा.

माणसांचे, समारंभांचे फोटो काढत असाल तर ट्रायपॉडऐवजी फ्लॅश. डोकं वर आणि बाजूला दोन्हीकडे वळणारा हवा, कारण त्याचं सगळं मोल छतावरून किंवा भिंतीवरून उजेड परतवण्यात आहे. छत पांढरं हवं. रंगीत छताचा रंग चेहऱ्यावर उतरतो. बॉडीतल्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर (त्याच्या ताकदीचा आकडा) फारतर १२ च्या आसपास असतो, म्हणजे आयएसओ १०० आणि एफ/४ वर जेमतेम तीन मीटर, तोही थेट तोंडावर. टीटीएल फ्लॅश (लेन्समधून येणारा उजेड मोजून ताकद स्वतः ठरवणारा) आपल्याच कंपनीच्या बॉडीसाठीचा आहे ना, ते बघून घ्या, आणि रिचार्ज होणाऱ्या एनआयएमएच पेन्सिल सेलचे दोन संच सोबत धरा.

खरेदीनंतरचा पहिला आठवडा

परतीची मुदत संपण्याआधी फोकसची चाचणी उरका. एफ/१.८ ची लेन्स लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, दीड-दोन मीटरवर छापील कागद भिंतीला सपाट चिकटवा आणि कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर ठेवा. मधल्या बिंदूने व्ह्यूफाइंडरमधून पाच फोटो काढा, दर वेळी आधी फोकस हाताने बिघडवून. मग लाइव्ह व्ह्यूमधून पाच. लाइव्ह व्ह्यू थेट सेन्सरवरून फोकस करतो, म्हणून तो प्रमाण माना. दोन्ही संच सारखे तीक्ष्ण असतील तर सगळं ठीक. व्ह्यूफाइंडरचे पाचही फोटो सारखेच धूसर असतील तर बॉडी आणि लेन्सचा मेळ बसलेला नाही. निकॉनच्या डी७००० मालिकेत, कॅनन ७०डी आणि ८०डी मध्ये हा फरक मेन्यूतून दुरुस्त करता येतो. डी३५००, डी५६००, २०००डी यांत ती सोय नाही. अशा बॉडीवर लेन्स चुकत असेल तर ती तशीच वापरत न बसता त्याच आठवड्यात बदलून घ्या.